इंजिनची रेड लाइन वर न्यायची आहे? कट-ऑफला हात सगळ्यात शेवटी

रेड लाइन म्हणजे इंजिनने सुरक्षितपणे फिरायची कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि कट-ऑफ म्हणजे ज्या आरपीएमला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनला आणखी वर जाऊ देत नाही तो आकडा. लॅपटॉप जोडून ईसीयूमधला कट-ऑफ ६५०० वरून ७५०० आरपीएमवर न्यायला पाच मिनिटं पुरतात. म्हणूनच नवखी मंडळी तिथून सुरुवात करतात आणि इंजिन फोडून बसतात. कारखान्याने तो आकडा उगाच टाकलेला नसतो. त्याच्या वर कुठल्या तरी भागाची ताकद संपते किंवा इंजिनला हवा पुरेनाशी होते, आणि बहुतेक इंजिनांत दोन्ही गोष्टी थोड्याफार अंतराने होतात. म्हणून आधी मोजमाप, मग ऑइल, मग क्रँककडचा खालचा भाग, मग व्हॉल्व्ह, मग हवेची ये-जा, आणि हे सगळं जमलं की कट-ऑफ, याच क्रमाने काम करा.

उदाहरणासाठी मारुतीचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन घेऊ. एस्टीम, जिप्सी किंग आणि २००५ ची पहिली स्विफ्ट या तिन्ही गाड्यांत हे होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी, १२९८ सीसी. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, कॅमशाफ्ट एकच, तोही टायमिंग बेल्टवर. रचना साधी आहे, हे इंजिन उघडलेले मेकॅनिक भरपूर आहेत, आणि आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला ४ च्या रेसगाड्यांतही एस्टीमचंच इंजिन बसवलेलं आहे. शिकायला याहून चांगलं इंजिन सापडणं कठीण. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

गाडी कुठे धावणार ते ठरवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे क्लेमही अडकू शकतो. तेव्हा पुढे लिहिलेली कामं ट्रॅकवरच्या किंवा रॅलीच्या गाडीसाठी आहेत असं समजून वाचा. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचं लायसन्स काढा आणि आपल्या गटाची नियमावली इंजिन उघडायच्या आधी वाचा. काही गटांत कॅम बदलता येतो, काहींत हेडला हातही लावता येत नाही.

पायरी १: कागदावरचे तीन हिशोब

पहिला हिशोब पिस्टनच्या सरासरी वेगाचा. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने गुणा आणि ६० ने भागा. जी१३बीबीसाठी ६५०० आरपीएमला १६.४ मीटर प्रति सेकंद येतात, ७००० ला १७.६, ७५०० ला १८.९ आणि ८००० ला २०.१. ढोबळमानाने, कारखान्याचे ओतीव पिस्टन आणि चांगल्या स्थितीतले मूळ कनेक्टिंग रॉड असतील तर १८ पर्यंत जाता येतं. १८ ते २० मध्ये रॉडचे बोल्ट बदलणं आणि बॅलन्सिंग करणं आलंच. २० च्या पुढे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि रॉड घ्या. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन ८४ मिमी स्ट्रोकवर ९००० आरपीएम फिरतं, म्हणजे २५.२ मीटर प्रति सेकंद. पण ते पहिल्या रेघेपासून त्याच कामासाठी आखलेलं आहे, त्याचं पाहून आपल्या गाडीचा आकडा ठरवू नका.

दुसरा हिशोब जडत्वाच्या ओढीचा, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरा आणि कनेक्टिंग रॉडची लांबी १२० मिमी. ६५०० ला पिस्टन वरच्या टोकावरून परत फिरताना रॉडला सुमारे ९४० किलोने ओढतो, ७५०० ला सुमारे १२५० किलोने. आरपीएम वाढले १५ टक्के, ओढ वाढली ३३ टक्के.

तिसरा हिशोब ताकदीचा: किलोवॉट म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९. एस्टीमचं इंजिन ६००० आरपीएमला ८५ बीएचपी देतं, म्हणजे तिथे टॉर्क साधारण १०१ न्यूटन-मीटर. समजा काहीही न बदलता नुसता कट-ऑफ वाढवला आणि ७५०० पर्यंत टॉर्क ७५ वर घसरला. तर ताकद येते ७९ बीएचपी, म्हणजे मूळच्या कमाल ताकदीपेक्षाही कमी. तोच टॉर्क ७५०० ला ९० वर टिकवता आला तर जवळपास ९५ बीएचपी मिळतात. वर फिरवण्याचा फायदा हवा तेवढी हवा आत गेली तरच आहे.

पहिल्याच प्रयत्नात जी१३बीबीसाठी ७००० हे लक्ष्य ठेवा. ७५०० ला खालचा भाग पूर्ण उघडावा लागतो. ८००० च्या पुढे खर्च आणि देखभाल दोन्ही वेगळ्याच पातळीवर जातात.

पायरी २: आहे ते इंजिन तपासा

दमलेल्या इंजिनला वर फिरवण्यात अर्थ नाही. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी भरलेली असू द्या. मग कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग खोटं असतं, तरी अनेक गॅरेजांत तसंच घेतात.

त्यानंतर लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेली तर इंजिन उघडावं लागणार. हवा कुठून निसटते ते कानाने कळतं: सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

तिसरी तपासणी ऑइलच्या दाबाची. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो दाब जवळपास संपल्यावरच लागतो. सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावा आणि ऑइल चांगलं गरम झाल्यावर वाचन घ्या. आरपीएम वाढवत गेलं की दाब एका पातळीपर्यंत वाढतो, मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि दाब स्थिर राहतो. स्थिर राहणं ठीक. वरच्या आरपीएमला दाब खाली येऊ लागला किंवा काटा थरथरला, तर पंप हवा ओढतोय.

पायरी ३: ऑइल

जास्त आरपीएमची इंजिनं बहुतेक बेअरिंगपाशीच मरतात, आणि बेअरिंग मरतं ते ऑइल न मिळाल्यामुळे. खर्चाच्या मानाने सगळ्यात मोठं संरक्षण इथेच मिळतं, म्हणून ७००० च्या आत राहणार असाल तरी ही पायरी सोडू नका.

ऑइल चेंबर खाली उतरवा. लांब वळणावर आणि जोराच्या ब्रेकखाली ऑइल एका बाजूला पळतं आणि पिकअपचं, म्हणजे पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीचं, तोंड उघडं पडतं. पिकअपभोवती पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घ्या, त्यांत एकाच दिशेने उघडणारी झडपं बसवली तर आणखी चांगलं. पिकअप आणि चेंबरचा तळ यांत साधारण ८ ते १० मिमी अंतर राहू द्या. चेंबरला पूर्वी दगड लागून तो आत दबलेला असेल तर हे अंतर संपलेलं असतं, आणि आपल्या रस्त्यांवर चाललेल्या जुन्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा, तिच्या वर नको. जास्त भरलं की क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला वाचवत नाही. ट्रॅकवर ऑइलचं तापमान ९० ते १२० अंश सेल्सियसमध्ये राहिलं पाहिजे. १३० च्या वर जात असेल तर ऑइल कूलर लावा, थर्मोस्टॅटसकट. थर्मोस्टॅट नसला तर थंडीत ऑइल गरमच होत नाही आणि तेही तितकंच वाईट. ऑइल किती जाड हवं ते बेअरिंगच्या क्लिअरन्सवर (बेअरिंग आणि क्रँकमधल्या फटीवर) ठरतं. मूळ क्लिअरन्सला ५डब्ल्यू-४० सिंथेटिक पुरतं. क्लिअरन्स वाढवून बांधलेल्या इंजिनला १०डब्ल्यू-५० लागू शकतं. कमी क्लिअरन्सच्या इंजिनात उगाच जाड ऑइल ओतलं तर ते तापतं आणि बेअरिंगपर्यंत कमी पोचतं.

पायरी ४: खालचा भाग

पिस्टनचा फुटका तुकडा किंवा ब्लॉकला पडलेलं भोक सगळ्यांना दिसतं, पण त्याची सुरुवात बहुधा रॉडच्या दोन बोल्टांपासून झालेली असते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला खाली ढकलायला वायूचा दाब नसतो. वर दिलेली १२५० किलोंची सगळी ओढ रॉडच्या टोपीवर आणि तिच्या बोल्टांवर येते. बोल्ट थोडा ताणला की टोपी आणि रॉडमध्ये फट पडते, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं मोठं टोक) लंबगोल होतो, बेअरिंग कडेने घासतं, मग जागेवरून फिरतं, आणि रॉड बाहेर येतो. ७५०० ला जायचं असेल तर एआरपी कंपनीचे किंवा त्या दर्जाचे बोल्ट लावाच.

पण नुसते बोल्ट बदलून चालत नाही. नव्या बोल्टांचा आवळ जास्त असतो, त्यामुळे बिग एंडच्या भोकाचा आकार बदलतो. नवे बोल्ट बसवा, पूर्ण टॉर्कला आवळा आणि मग मशीन शॉपकडून भोक पुन्हा गोल करून मापात आणा. हे काम सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचं बेअरिंग लवकर जातं ते याचमुळे. आवळताना बोल्टसोबत येणारं ग्रीसच वापरा. साधं ऑइल लावलं तर आट्यांतलं घर्षण बदलतं आणि टॉर्क रेंचवर तोच आकडा येऊनही बोल्ट कमी ताणलेला राहतो. जमलं तर बोल्ट किती लांबला ते स्ट्रेच गेजने मोजा. किती लांबायला हवा हे बोल्टच्या डब्यातल्या कागदावर छापलेलं असतं. कायमचा लांब झालेला बोल्ट पुन्हा वापरू नका.

रॉड आणि क्रँक उघडल्यावर दोन्हीची भेगांसाठी चुंबकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांना न दिसणारी भेग ६५०० ला वर्षानुवर्षं शांत राहते आणि ७५०० ला थोड्याच वेळात उघडते. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. बेअरिंग क्लिअरन्सचा जुना अंदाज म्हणजे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका: ४० मिमी जर्नलला ०.०४ मिमी. वर फिरणाऱ्या इंजिनात त्यात थोडी भर घालतात, पण मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेच्या आतच. प्लॅस्टिगेजचा, म्हणजे दाबला की फटीनुसार चपटा होणारा, धागा ठेवून मोजता येतं. तो ठेवल्यावर क्रँक फिरवू नका, नाहीतर धागा पसरतो आणि माप खोटं येतं.

आता बॅलन्सिंग. चारही पिस्टन पिनसकट तोला आणि सगळ्यात हलक्याच्या वजनावर बाकीचे आणा. १ ग्रॅमच्या आत फरक हवा. रॉडचं एकूण वजन तोलून भागत नाही. मोठं टोक आणि लहान टोक वेगवेगळं तोलावं लागतं, त्यासाठी एक टोक टांगून ठेवणारा साधा स्टँड लागतो. धातू काढायचा तो टोपीच्या तळाच्या आणि लहान टोकाच्या वरच्या जाड भागातून. मधल्या दांड्याला आडवी घासणी लावू नका, तिथल्या ओरखड्यातून भेग सुरू होते. त्यानंतर क्रँक, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि पुढची पुली मशीनवर फिरवून बॅलन्स करून घ्या. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला क्रँकवर खोटी वजनं लावावी लागत नाहीत. दुकानदार त्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर दुसरं दुकान पाहा. प्रेशर प्लेट कुठल्या कोनात बसली होती त्याची खूण करा, बसवताना तीच जागा हवी.

क्रँकच्या पुढच्या पुलीत रबराचं कडं असेल तर ती नुसती पुली नाही, क्रँकचा पिळाचा कंप शोषणारा डॅम्पर आहे. तिच्या जागी हलकी अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवायची फॅशन आहे. ती टाळा. क्रँकच्या नाकावर बसणाऱ्या ऑइल पंपाचे गिअर दाबून-भाजून केलेल्या धातूचे असतात आणि कंप वाढला की ते तडकतात. पंप गेला की पुढचं सांगायला नको. रबर चिरलं असेल तर नवीन मूळ पुली आणा.

पायरी ५: व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग

वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम स्प्रिंगचं असतं, कॅम फक्त उघडतो. एका मर्यादेनंतर स्प्रिंगला वेळ पुरत नाही, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा) कॅमवरून सुटतो आणि व्हॉल्व्ह सीटवर आपटून पुन्हा उसळतो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ताकदीची रेघ एकदम दातेरी होऊन कोसळते, हे त्याचं लक्षण. फ्लोटमध्ये चालवत राहिलं तर व्हॉल्व्हचं डोकं तुटतं किंवा पिस्टनला लागतं.

आधी जुन्या स्प्रिंगांची मोकळी लांबी आणि ठरलेल्या उंचीवरचा जोर मोजा. १५-२० वर्षं जुन्या इंजिनात अर्धा प्रश्न इथेच असतो, आणि मूळ कॅमसह ७००० पर्यंत नव्या मूळ स्प्रिंगांनी भागतं का हे आधी पाहावं. जास्त कडक स्प्रिंग सरसकट टाकू नका. कॅम आणि रॉकरच्या सरकत्या पृष्ठभागांवरचा दाब वाढतो, कॅमचं टोक गोल होतं आणि बेल्टवरचा भारही वाढतो. फ्लोट थांबवण्यापुरता जोर असावा, जास्त नको.

नवीन कॅम किंवा स्प्रिंग बसवताना तीन अंतरं मोजावीच लागतात. पूर्ण लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत, एकूण किमान १ ते १.५ मिमी मोकळं हवं. रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि गाइडवरचं (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यावरचं) सील यांत किमान १.५ मिमी. आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांत इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला किमान २.५ मिमी. एक्झॉस्टला जास्त का? तो तापून लांब होतो, आणि फ्लोट झाला तर वर येणारा पिस्टन त्याचाच पाठलाग करत असतो.

पिस्टनचं अंतर मोजायची सोपी रीत: पिस्टनवर खेळण्यातली माती लावा, वर थोडं ऑइल चोळा, हेड जुन्या गॅस्केटसह बसवा, बेल्ट बरोबर लावा, टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट करा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. स्टार्टरने नाही. हेड काढून माती कापा आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्नियरने मोजा. अधिक नेमकं हवं असेल तर मऊ स्प्रिंग लावून डायल गेजने मोजा. इनटेक वरच्या टोकानंतर साधारण १० अंशांवर आणि एक्झॉस्ट आधी साधारण १० अंशांवर सगळ्यात जवळ येतात, त्या भागात दर दोन अंशांना माप घ्या. हेड घासून घेतलं असेल तर हे अंतर तेवढ्याने कमी झालेलं असतं. शिवाय कॅम क्रँकच्या जवळ आल्यामुळे टायमिंग थोडं मागे पडतं. ते फिरवता येणाऱ्या कॅम पुलीने दुरुस्त करा.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप नवीनच टाका. नवा कॅम बसवल्यावर त्याच्या टोकांना असेंब्ली ग्रीस लावा. इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं ठेवा. आयडलवर सोडू नका, कारण आयडलला कॅमवर ऑइल कमी उडतं आणि टोकावरचा दाब जास्त असतो. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर टॅपेट फीलर गेजने पुन्हा तपासा. एखादं टॅपेट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर कॅमचं ते टोक झिजतंय.

पायरी ६: हवा आत, धूर बाहेर

कॅमचा कालावधी (तो व्हॉल्व्ह किती अंश उघडा ठेवतो ते) १० अंशांनी वाढला की ताकदीचं शिखर ढोबळमानाने ५०० आरपीएमने वर सरकतं. त्याची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागते: आयडल खडबडीत होतं, ३००० च्या खाली गाडी ओढत नाही. घाटातल्या रॅलीला खालचा टॉर्क लागतो, सरळ लांब ट्रॅकला कमी चालतो. नवख्याने कॅटलॉगमधला सगळ्यात सौम्य कॅमच घ्यावा.

पोर्ट मोठे करू नका. मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग पडतो आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क जातो. गॅस्केट आणि मॅनिफोल्ड यांच्यातल्या पायऱ्या काढा, गाइडजवळची ओतकामाची धार साफ करा, आणि सीटवर ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन कट घेणाऱ्या चांगल्या मशीन शॉपकडून व्हॉल्व्ह बसवून घ्या. या एका कामात हातघासणीपेक्षा जास्त फायदा आहे. एक्झॉस्टला ४-२-१ हेडर (चार पाइपांचे आधी दोन, मग एक होणारा) निवडा. ४-१ फक्त अगदी वरच्या टोकाला फायद्याचा ठरतो. एअर फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला तर आवाज छान येतो, पण हवा गरम ओढली जाते. बाहेरची थंड हवा आणणारा बंद डबा ठेवा.

पायरी ७: फ्लायव्हील, क्लच, पट्टे

फिरणाऱ्या चाकातली ऊर्जाही आरपीएमच्या वर्गाने वाढते. फुटलेलं फ्लायव्हील बेलहाउसिंग आणि पायाखालचा पत्रा फोडून थेट चालकापर्यंत येऊ शकतं. मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर पातळ करून हलकं करायची पद्धत आहे, त्यापासून लांब राहा. हलकं हवं असेल तर एसएफआय १.१ या सुरक्षा मानकाचं प्रमाणित पोलादी घ्या. क्लच प्लेटही तिच्या कमाल आरपीएमची खात्री करूनच निवडा, कारण अस्तर सुटून उडतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन, थ्रेडलॉक लावून, टॉर्क रेंचने. डायनोवर गाडी फिरत असताना बेलहाउसिंगच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

पट्ट्यावरच्या भागांचाही हिशोब करा. क्रँकची पुली अल्टरनेटरच्या अडीचपट असेल तर ७५०० ला अल्टरनेटर १८,७५० आरपीएमने फिरतो. एवढं बहुतेकांना झेपत नाही. अल्टरनेटरवर थोडी मोठी पुली लावली की प्रश्न मिटतो.

पायरी ८: पेट्रोल, स्पार्क आणि शेवटी कट-ऑफ

६००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात, ७५०० ला १६. इंजेक्टरला तेवढ्यातच काम उरकायचं असतं आणि तो ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये. १०० बीएचपीसाठी चार इंजेक्टर असतील तर प्रत्येकी साधारण १६० सीसी प्रति मिनिट क्षमता लागते. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचं प्रमाण) ०.८६ ते ०.९० ठेवा. ईसीयू हवा-पेट्रोल प्रमाण दाखवत असला तरी लॅम्डामध्येच वाचायची सवय लावा, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनाचं प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ असतं. जुन्या आकड्यावर ट्यून केलं तर तुम्हाला बरोबर वाटलेलं मिश्रण प्रत्यक्षात पातळ असतं. जुन्या गाडीतले रबरी पेट्रोल पाइपही इथेनॉल सोसणारे आहेत का पाहा. एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरशिवाय ट्यूनिंग सुरू करू नका. ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर केलं तेच पुढेही भरा: ९५ ऑक्टेनवर बसवलेलं टायमिंग ९१ वर नॉक करेल (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतील), आणि वरच्या आरपीएमचा नॉक इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप मूळपेक्षा ०.१ मिमीने कमी ठेवा.

आता कट-ऑफ. इंजिन नव्याने बांधलं असेल तर पायरी ९ मधले हजार किलोमीटर आधी पूर्ण करा, मग डायनोवर दर वेळी २५० आरपीएमने वर जा. प्रत्येक पायरीला ताकद, लॅम्डा, ऑइलचा दाब आणि तापमान नोंदवा. ताकदीचं शिखर सापडलं की त्याच्या ३०० ते ५०० आरपीएम वर कट-ऑफ ठेवा, म्हणजे गिअर टाकल्यावर इंजिन शिखराच्या जवळच पडेल. त्याच्याही वर फिरवून फक्त झीज होते. कट पेट्रोलचा ठेवा, स्पार्कचा नाही. स्पार्क तोडला की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लाल होतो. कटच्या २०० आरपीएम आधी इशाऱ्याचा दिवा लागेल असं करा.

कट-ऑफ चुकीच्या गिअरपासून वाचवत नाही. पाचव्यातून चौथा टाकताना हात दुसऱ्यावर गेला आणि प्रमाणं ०.८ आणि १.९ असली, तर ५००० वर फिरणारं इंजिन चाकांच्या जोरावर जवळपास ११,९०० वर जातं. तिथे पेट्रोल तोडून काहीच होत नाही. गिअर लिव्हरचे बुश आणि इंजिनचे माउंट ढिले असतील तर ते आधी बदला. असा फटका बसलाच तर गाडी तिथेच बंद करा, टो करून आणा, लीक-डाउन घ्या आणि रॉडचे बोल्ट काढून पाहा.

पायरी ९: पहिले हजार किलोमीटर

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, पेट्रोल आणि स्पार्क तोडून स्टार्टरने फिरवा, गेजवर दाब दिसेपर्यंत. १०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, मग ५०० ला, मग १००० ला. तोवर ५००० च्या वर नेऊ नका, पण एकाच वेगाने रेंगाळतही चालवू नका. चढावर भार द्या, उतारावर गिअरमध्येच सोडा, त्याने रिंगा बसतात. हजारानंतर दर ट्रॅक दिवसाला लीक-डाउन आणि टॅपेट, आणि टायमिंग बेल्ट मूळ मुदतीच्या निम्म्यावर.

काढलेला प्रत्येक फिल्टर कापून आतला कागद पसरून उन्हात पाहा. पहिल्या बदलाला बारीक राखाडी चमक चालते, ती रिंगा आणि बोअर एकमेकांत बसल्याची. चुंबकाला चिकटणारे पोलादी कण असतील तर कॅम, रॉकर किंवा ऑइल पंप तपासा. चुंबकाला न चिकटणाऱ्या रुपेरी पापड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे पिस्टनचा स्कर्ट किंवा हेडमधली कॅमची बैठक. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर गेला आहे. अशा वेळी गाडी चालवू नका. चेंबर उतरवा, चारही बिग एंडचे बेअरिंग काढून शेजारी मांडा. एकच झिजलं असेल तर त्या रॉडची गोलाई आणि बोल्ट पाहा. चारही झिजले असतील तर पिकअप, पडदे आणि ऑइलची लेव्हल पाहा. नवे बेअरिंग टाकण्याआधी जर्नल पुन्हा मायक्रोमीटरने मोजा आणि कूलर, त्याचे पाइप आणि ऑइलच्या वाटा पेट्रोलने धुऊन हवेने फुंकून काढा, नाहीतर अडकलेले कण नव्या बेअरिंगमध्ये परत येतात.